वहीसमोर बसलं की काही सुचत नाही: वाचकांचे प्रश्न

रोज थोडं लिहायची सवय लावू पाहणाऱ्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आली. निम्म्याहून अधिक पत्रं एकाच जागी अडतात: लिहायला विषय कुठून आणायचा? त्यातले काही प्रश्न निवडले आहेत. उत्तरं स्वतःपुरतं पानभर लिहू पाहणाऱ्यांसाठी आहेत. छापून यावं म्हणून लिहिणाऱ्यांचे प्रश्न पुन्हा कधीतरी घेऊ.

प्रश्न (अंबरनाथ): दर एक जानेवारीला डायरी सुरू करतो आणि संक्रांतीपर्यंत ती बंद पडते. सकाळी लोकल, दिवसभर ऑफिस, रात्री जेवण आणि झोप. कालच्या आणि आजच्या पानात फरकच नसतो. अशा दिवसात रोज लिहिण्यासारखं काय सापडणार?

रात्री साडेदहाला दिवस आठवायला बसलात तर हेच होणार. जे रोज घडतं ते वेगळं लक्षात राहत नाही. दोनशे लोकल प्रवासांची मिळून एकच धूसर आठवण उरते. म्हणून आठवण्याचं काम रात्रीवर टाकूच नका. दिवसा जागच्या जागी टिपा आणि रात्री त्यातलं एक निवडून लिहा.

जुन्या दुकानदारांची कीर्द-खतावणीची रीत इथे जशीच्या तशी उचलता येते. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमानं उतरवायचा, त्यावर विचार करायचा नाही. खतावणीत तोच व्यवहार सवडीनं ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. तुम्हालाही दोन वह्या लागतील.

कीर्द म्हणजे शर्टाच्या खिशात मावेल अशी चाळीसेक पानांची वही. दिवसात तीन नोंदी: जाताना एक, ऑफिसात एक, येताना एक. प्रत्येक नोंद पाच ते दहा शब्दांची. अट एकच आहे. नोंदीत संख्या हवी, किंवा नाव घेऊन सांगता येईल अशी वस्तू हवी, किंवा कुणाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं हवं. तिन्हींपैकी एकही नसेल तर ती नोंद रात्री मुकी निघते. 'छान', 'भयंकर', 'बोअर' हे शब्द कीर्दीत बंद. 'गाडीला खूप गर्दी, वैताग' यातून रात्री काहीच उभं राहत नाही. 'चौथ्या सीटवरचे काका, डबा मांडीवर, "घाटकोपरला उतरतो, तोवर टेकू द्या"' एवढ्या ओळीतून मात्र माणूस, त्याची बसण्याची तऱ्हा आणि त्या सीटचा (तिघांच्या बाकावरच्या चौथ्या जागेचा) अलिखित कायदा, तिन्ही हाती लागतात.

हे मोबाइलमध्ये का टिपू नये, असं तुम्ही विचारणार. टिपा, पण नोट उघडायला फोन काढला की आधी मेसेज दिसतात आणि दोन स्टेशनं निघून जातात. खिशातल्या वहीत दुसरं काही उघडत नाही.

रात्री दहा मिनिटं पुरे. तिन्ही नोंदी वाचायच्या आणि जिच्यापुढे 'का?' उभा राहतो ती उचलायची. पहिली ओळ कीर्दीतलीच उतरवायची म्हणजे कोऱ्या पानाची धास्ती राहत नाही. मग आठ-दहा ओळी. शेवटी निष्कर्ष काढायचा नाही. डायरी अर्ध्यात थांबली तरी चालते.

खतावणी रविवारी. शंभर पानी साध्या वहीत सुरुवातीला सहाच खाती घाला: लोकल, ऑफिसातली बोली, घर, पैसा, शरीर, ऊन-पाऊस. प्रत्येक खात्याला चार पानं सोडा. आठवड्याच्या नोंदी तारखेसह त्या त्या खात्यात उतरवा. महिन्याभरात एखाद्या खात्यात सात-आठ ओळी साठतात आणि सुट्या वाचताना न दिसलेलं काही दिसू लागतं. लोकलच्या खात्यातल्या सगळ्याच नोंदी जागेवरून आहेत, किंवा ऑफिसच्या खात्यात साहेब सोडून सगळे बोलतात, असं काही. लांबीचं लिहायला विषय तिथे असतो.

बंद कशी पडते तेही पाहू. छापील तारखांची डायरी पहिली गुन्हेगार. चार पानं कोरी राहिली की ती रोज दिसतात आणि पाचव्या दिवशी वही उघडवत नाही. साधी वही घ्या, तारीख हातानं घाला. राहिलेले दिवस मागाहून भरू नका, कारण त्या नोंदी आठवणीतून न येता अंदाजातून येतात आणि मग खऱ्या नोंदींवरचाही आपलाच विश्वास उडतो. तीन आठवडे खंड पडला तर आजची तारीख घालून पुढे जा. सहाशे रुपयांची चामडी बांधणीची वही भेट मिळाली असेल तर ती खतावणीला ठेवा. कीर्द तिच्यात लिहायला हात धजत नाही. आणि उत्साहात दिवसाला दहा नोंदी करू नका. तीनवर थांबणं सुरुवातीला जड जाईल, पण थांबा.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दी जपून ठेवलेल्या आहेत. लिहिणाऱ्या कारकुनांनी त्यात मन वगैरे काही ओतलं नव्हतं. तारीख, नाव, रक्कम, कारण एवढंच लिहिलं, आणि अभ्यासकांना आज त्यातूनच तो काळ दिसतो.

प्रश्न (कोल्हापूर): लिहायची फार हौस आहे, पण सलग अर्धा तास कधी मिळत नाही. घरकाम, सासूबाईंची औषधं, मुलांचे क्लास यात दिवस जातो. सुरुवात कुठून करू?

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपासून. कालनिर्णय १९७३ साली निघालं, तेव्हापासून त्याच्या चौकटींत तिथी आणि सणांच्या जोडीनं घराचा हिशेबही मावत आला आहे. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे, भिशीचा हप्ता हे तुम्हीही लिहीत असणार. म्हणजे नोंदी ठेवायची सवय आहेच, तिला फक्त चार ओळी जोडायच्या आहेत.

महिना संपला की पान फाडून टाकू नका. वीस मिनिटं काढून ते समोर घ्या आणि आधी खाड्यांभोवती गोल करा. खाडा पडला म्हणजे त्या दिवशी घर नेहमीसारखं चाललं नाही. १४ ते १७ दूध नव्हतं, तर सगळे कुठे होते? मावशी सलग तीन दिवस आल्या नाहीत, त्यांनी काय कारण सांगितलं आणि तुम्हाला ते पटलं का? मग गॅस पाहा. १४.२ किलोचा तोच सिलिंडर मागच्या वेळी एकतीस दिवस चालला आणि या वेळी बेचाळीस, तर घरात कोण नव्हतं? ९ तारखेपासून दूध अर्धा लिटर वाढलं, ते कुणासाठी? अशा चार चौकटी निवडून प्रत्येकीवर पाच-पाच ओळी लिहा. महिन्याला चार नोंदी पहिल्या दोन महिन्यांना पुष्कळ झाल्या.

तिसऱ्या महिन्यापासून त्याच दिवशी लिहायचा प्रयत्न करा. त्यासाठी चांगली वेळ म्हणजे गॅस बंद केल्यापासून कुकरची वाफ जिरेपर्यंतची आठ-दहा मिनिटं. हात मोकळे असतात आणि करपण्यासारखं काही चुलीवर नसतं. दूध तापत असताना लिहायला बसू नका. दोन्हींपैकी एक उतू जातं किंवा अर्धवट राहतं.

एक बारीक गोष्ट. भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर बॉलपेन दोन-चार अक्षरांत बंद पडतं, कारण आडव्या पेनात शाई टोकाकडे उतरत नाही. खिळ्याला दोरीनं शिसपेन्सिल बांधून ठेवा.

कामांची यादी लिहिली जातेय, डायरी होत नाही, अशी तक्रार काही दिवसांत येईल. यादी राहू दे. तिच्यातल्या एकाच कामापुढे 'कोण काय म्हणालं' एवढं लिहा. 'चकलीची भाजणी दळून आणली' ही यादी झाली. 'चकलीची भाजणी दळून आणली, गिरणीवाले म्हणाले, आता पुढच्या दिवाळीला गिरणी असेलसं वाटत नाही' इथे ती यादी उरत नाही.

प्रश्न (पाटण, जि. सातारा): शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, थोडी शेती आहे. निसर्गाच्या नोंदी ठेवाव्यात असं वाटतं. पण 'आज पाऊस पडला, हवा आल्हाददायक होती' यापुढे लेखणी सरकत नाही.

तुमच्या भागात या छंदाला जेवढं खाद्य आहे तेवढं क्वचित कुठे असेल. रोजच्या तारखेऐवजी नक्षत्रागणिक एक पान करून पाहा. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि शेतकरी पावसाचा हिशेब तसाच ठेवत आला आहे. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला. पुढे पूर्वा, उत्तरा, आणि २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त. पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा' आणि हस्ताचा 'हत्ती' तुम्ही ऐकलेला असेल. पान उघडलंत की वरच्या कोपऱ्यात पंचांगातलं त्या नक्षत्राचं वाहन लिहा. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पावसाची अपेक्षा करतात. नक्षत्र संपताना प्रत्यक्ष पाऊस किती झाला ते खाली लिहा. वाहनाचं भाकीत किती वेळा जुळतं हे दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्याच आकड्यांवरून कळेल, आणि पारावरच्या वादात तुमच्याकडे पुरावा असेल.

आकड्यासाठी पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं असलेला डबा चालतो. निमुळता डबा किंवा बादली चालत नाही, कारण वर जास्त पाणी गोळा होऊन खाली उंची फुगते. डबा उघड्यावर ठेवा. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं. कड जमिनीपासून फूटभर वर घ्या, म्हणजे उडालेले शिंतोडे आत जात नाहीत. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं; तुम्हीही तीच वेळ धरा, नाहीतर तुलना करता येणार नाही. पट्टीनं उंची मिलिमीटरमध्ये मोजा. पाऊस अगदी थोडा असेल तर पट्टी दगा देते. तेव्हा पाणी औषधाच्या मापात ओता. डब्याचा आतला व्यास १० सेंटिमीटर असेल तर साधारण ८ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस.

आकड्याच्या शेजारी रोज एकच निरीक्षण. 'पहिल्यांदा' आणि 'शेवटचं' हे दोन शब्द धरून चाललात तर विषय संपत नाहीत. पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, काजवे कधी दिसले, वापसा (पेरणीजोगी ओल) कधी आला, पेरणीनंतर कितव्या दिवशी उगवण दिसली, शेवटचा बेडूक कोणत्या रात्री ऐकू आला. फाल्गुनात पळस, चैत्र-वैशाखात बहावा, भाद्रपदात सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) तेरडा आणि सोनकी. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ती दिसली तर वर्ष ठळक लिहा. ठिकाण नेमकं लिहा: 'ओढ्यापलीकडचा, वीज पडलेला बहावा'. तेच झाड दरवर्षी पाहिलंत तर त्याचा फुलायचा दिवस पुढेमागे कसा सरकतो ते कळतं.

'आल्हाददायक' मात्र शाळेत ठेवून या, सर. मुलांच्या निबंधात तो शब्द तुम्हीच पुष्कळदा तपासला असेल.

प्रश्न (नांदेड): इंटरनेटवर रोजच्या लेखनासाठी विषयांच्या याद्या मिळतात. 'तुमची भीती', 'तुमचं स्वप्न', 'आज कशाबद्दल कृतज्ञ आहात?' आठवड्यात सगळं लिहून झालं. आता?

ते विषय फार रुंद आहेत, म्हणून उत्तरंही सगळ्यांची सारखीच येतात. विषय अरुंद घ्या. घरातली स्टीलची जुनी भांडी उपडी करा किंवा कडेला पाहा. नावं आणि तारखा कोरलेल्या असतात, कुणाच्या लग्नात कुणाकडून आलं तेही असतं. ती नावं कुणाची, आज त्या घराशी बोलणं आहे का, आणि नसेल तर भांडं अजून वापरात कसं? एका मांडणीत महिनाभराचं लिखाण निघेल. सोसायटीच्या किंवा वसतिगृहाच्या फलकावरची ताजी सूचना घ्या. ती सर्वांना उद्देशून असते, पण खरी कुणा एकासाठीच लिहिलेली असते. एसटीत राखीव आसनांच्या पाट्या असतात, त्यातल्या एका आसनावर प्रत्यक्षात कोण बसलंय ते लिहा. आजी वापरते पण तुम्ही कधीच वापरत नाही असा एक शब्द, आणि तो तिनं शेवटचा कुणाला उद्देशून वापरला. यादी संपल्यावर नवी शोधू नका, भांडी मोजा.

प्रश्न (सिडनी): दहा वर्षं इथे आहे. मराठीत लिहायला बसले की निम्मे शब्द इंग्रजी येतात, आणि मग अपराधी वाटून वही मिटते. शिवाय इथल्या आयुष्याचं मराठीत लिहू तरी काय?

आलेला शब्द येऊ द्या, देवनागरीत लिहा, खाली रेघ मारा आणि पुढे चला. लिहिता लिहिता शब्द शोधायला थांबलात की वाक्य तुटतं, आणि तुटलेलं वाक्य पुन्हा जोडायचा कंटाळा येतो. आठवड्याच्या शेवटी रेघ मारलेल्यांपैकी तीनच शब्द घ्या आणि आईला किंवा मावशीला फोनवर विचारा. कोशात पाहिलेला शब्द बहुधा कार्यालयीन निघतो. विचारलेला शब्द बोलण्यातला असतो आणि त्याच्यासोबत एखादी हकिकत येते, जी पुढच्या नोंदीला उपयोगी पडते. ज्याला घरात कुणालाच मराठी शब्द सुचला नाही तो इंग्रजीच ठेवा.

विषयांचं म्हणाल तर मराठी वर्ष आणि सिडनीचं वर्ष एकमेकांच्या उलट चालतात, हीच तुमची खाण आहे. पुण्यात नीलमोहर मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलतो. तुमच्याकडे तोच जॅकरँडा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आश्विन-कार्तिकात. दिवाळीत पहाटे थंडी नसते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं पुढे गेलेली असतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सात-साडेसातला मावळतो. मग मुलं झोपायची वेळ आणि पणत्या लावायची वेळ एकच होते का? तुमच्या घरात काय ठरलं? उन्हाळ्यातल्या दुपारी अचानक दक्षिणेकडून गार वारा घुसतो आणि काही मिनिटांत तापमान धाडकन उतरतं. त्याला तिथे 'सदर्ली बस्टर' म्हणतात. त्याचं वर्णन वळवाच्या पावसाचे शब्द उसने न घेता करून पाहा: खिडक्या कशा आपटल्या, दोरीवरचे कपडे कुठे गेले, कुणी काय म्हटलं.

गावच्या आठवणींवर मात्र आठवड्यातून एकच दिवस ठेवा. रोज तेच लिहिलं तर आठवण तासली जाते आणि दर वेळी तीच गुळगुळीत वाक्यं बाहेर येतात.

प्रश्न (ठिकाण छापू नये): माझी वही घरात वाचली जाते. त्यामुळे खरं लिहिताच येत नाही.

दुसऱ्याची वही वाचणं चूकच. पण ते पटवून देईपर्यंत तुमचं लिखाण थांबायला नको. रोजची वही उघडी ठेवा आणि तिच्यात ऊन-पाऊस, भाव, ऐकलेली वाक्यं लिहा. जे कुणी वाचू नये ते सुट्या कागदावर लिहा आणि फाडा. लिहून झालेलं ठेवलंच पाहिजे असं नाही. लिहिताना जे उलगडतं ते कागद फाडल्यावरही तुमच्याकडे राहतं.

मोबाइलमध्ये लिहिणार असाल तर आधी खातं तपासा. घरातल्या टॅबवर किंवा कॉम्प्युटरवर तेच गूगल खातं सुरू असेल, तर फोनला कुलूप असूनही नोंदी तिथे दिसतात. माणसांना टोपणनावं देऊन लिहिणं फार टिकत नाही, घरातले दोन पानांत ओळखतात.

मोडी लिपी हा एक गमतीदार उपाय आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायचं. इ-ई, उ-ऊ असा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिच्यात पाळला जात नाही, त्यामुळे शुद्धलेखनाचा धाकही नाही. रोज अर्धा तास गिरवलं तर काही महिन्यांत हात बसतो. अर्थात घरात कुणी मोडी शिकलेलं वडीलधारं माणूस असेल तर आधी चौकशी करून घ्या.

प्रश्न (नागपूर): मी फक्त वाईट दिवशीच लिहितो. मागची पानं वाचली तर सगळं रडगाणं. लिहून बरं वाटायला हवं ना?

रडगाणं लिहिण्यात गैर काही नाही. तेच तेच गोल फिरत राहणं थकवतं. या विषयावरचा गाजलेला प्रयोग अमेरिकेत मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी केला, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मनाला लागलेल्या प्रसंगावर सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या लिहिल्या त्यांना उलट उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. यातलं घेण्यासारखं म्हणजे मर्यादा. चार दिवस, पंधरा मिनिटं, आणि मग थांबायचं.

पेनबेकर यांनी पुढे लिखाणातले शब्दही मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले होते. म्हणून चारही दिवस तीच घटना तशीच लिहू नका. पहिल्या दिवशी काय झालं ते लिहा, दुसऱ्या दिवशी 'कारण' हा शब्द निदान तीन वाक्यांत आणा, तिसऱ्या दिवशी समोरच्या माणसाच्या बाजूनं लिहा, चौथ्या दिवशी 'आता लक्षात येतं की' अशी सुरुवात करा. पाचव्या दिवशी भाजीचे भाव लिहा, खरंच. शिवाय बऱ्या दिवशी तीन ओळी लिहायचा नियम करा, नाहीतर वही उघडणं म्हणजेच वाईट दिवस असं मनाला पक्कं बसेल.

लिहिताना जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न (लातूर): आई ७८ वर्षांची आहे, हात थरथरतो. तिच्या आठवणी लिहून घ्यायच्या आहेत, पण 'सांग ना काहीतरी' म्हटलं की ती म्हणते, 'माझ्या जन्मात काय सांगण्यासारखं?'

'सांग काहीतरी' या प्रश्नाला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. सन विचारूनही उपयोग होत नाही, कारण त्या पिढीची कालगणना घटनांची आहे. नवे पैसे आले तेव्हा (१ एप्रिल १९५७) त्या शाळकरी वयाच्या होत्या. आणा-पैचा हिशेब त्यांना येतो का विचारा. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर कोण गेलं, सुकडी कशी लागायची, मिलो ज्वारीची भाकरी थापताना काय व्हायचं? किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ ला, घरातून कोण कोणत्या दारानं बाहेर पडलं? घटनेला वस्तू जोडली की बोलणं सुरू होतं. माहेरी पाणी कुठून यायचं, किती खेपा, कोणत्या भांड्यानं, एवढ्यावर अर्धा तास सहज जातो.

हातात काम असताना विचारा. शेंगा सोलताना, निवडताना, वाती वळताना. समोर बसवून फोन धरला की त्या परक्यासारख्या बोलतील. जात्यावरच्या ओव्या हातातल्या कामासोबतच रचल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांच्या गटानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तुमच्या आईलाही चार-दोन येत असतील. त्या आधी घ्या आणि प्रत्येक ओवीतलं माणूस कोण ते विचारा.

फोन हातभर अंतरावर कापडावर ठेवा, फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा. एका बैठकीला दहाच मिनिटं. बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे, पण मराठवाडी बोली ती पुस्तकी करून टाकते आणि गावांची नावं चुकवते. आवाज साठवा आणि नंतर ऐकून उतरवा. दहा मिनिटांना पाऊण तास लागतो, हे धरून चाला. 'लई', 'नगं', 'बगा' तसंच ठेवा. उतरवलेलं त्यांना वाचून दाखवा. 'तसं नव्हतं गं' अशी दुरुस्ती आली की दुसरा भाग सुरू झाला.

प्रश्न (रत्नागिरी): वहीत तिकिटं, बिलं चिकटवते आणि त्यावरून लिहिते. पण काही महिन्यांत तिकिटं कोरी होतात, आणि पावसाळ्यात शाईही पसरते.

यंत्रातून निघणारं एसटीचं तिकीट आणि दुकानाचं बिल उष्णतेनं काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. त्यात शाई नसतेच, त्यामुळे ऊन, उष्णता, तेलकट हात, काही गोंद आणि प्लास्टिकची पाकिटं यांनी छपाई उडते. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा किंवा तारीख, गाव, रक्कम शेजारी पेननं लिहा. संपूर्ण मागच्या बाजूला गोंद फासू नका, फक्त वरच्या कडेला मैद्याच्या खळीचं बोट फिरवा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो विषारी असतो. खळ पातळ लावा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर कसर लागते. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून चिकटा सोडते.

बऱ्याच जेल पेनांची आणि शाईच्या पेनांची शाई पाण्यानं पसरते. जून ते सप्टेंबर बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. वही उशीखाली किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्यांचे रंगीत मणी ओल शोषली की रंग बदलतात. मग पुड्या बदला, आणि डबा आठवड्यातून एकदा कोरड्या दुपारी उघडून वहीची पानं फडफडवा.